आवाज येतोय, पडदा काळा: पॅनेल गेलं की नुसता उजेड गेला?

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातून एकांनी विचारलंय. घरातला ४३ इंची एलईडी टीव्ही, घेऊन साडेचार वर्षं झाली. चालू केला की कंपनीचं नाव दोन सेकंद झळकतं आणि पडदा काळा होतो. आवाज मात्र व्यवस्थित येतो, रिमोटनं चॅनेलही बदलतात. मेकॅनिक घरी आला, पाच मिनिटं बघून म्हणाला, "पॅनेल गेलंय, चौदा हजार होतील, त्यापेक्षा नवाच घ्या." यांना दोन गोष्टी हव्या आहेत. हे खरं मानायचं का? आणि व्हिडिओ बघून घरच्या घरी काही करता येईल का?

मी राजारामपुरीत टीव्ही दुरुस्त करतो, अगदी डब्बा टीव्हीच्या काळापासून. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारी पुढची काच, गेल्यासारखं वाटत नाही. पण सेट टेबलावर आल्याशिवाय शपथेवर कुणी काही सांगू नये, मीही सांगत नाही. त्यामुळे आधी तुमचा प्रश्न थोडा बदलून घेऊ. 'टीव्ही गेला का' हे नंतर बघू. आधी ठरवायचं, चित्र गेलंय की चित्रामागचा उजेड गेलाय. या दोन्हींत खर्चाचा फरक चार-पाच पटींचा आहे.

जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये काचच उजळायची. आताच्या सपाट टीव्हीची काच स्वतः काजव्याएवढाही उजेड देत नाही. महाद्वार रोडवर दुकानांवर ते ग्लो साइनचे बोर्ड असतात बघा, पुढे रंगीत अक्षरं आणि पेटीच्या आत ट्यूबलाइट. ट्यूब गेली तर अक्षरं कुठं जात नाहीत, रात्री ती फक्त दिसत नाहीत. तुमच्या टीव्हीतही हाच प्रकार आहे. पुढची काच म्हणजे अक्षरं, मागची बॅकलाइट म्हणजे ट्यूब. 'एलईडी टीव्ही' म्हणतात तो खरं तर एलसीडीच, फक्त मागचा उजेड एलईडीचा. क्यूएलईडी नावानं विकतात त्यालाही मागे बॅकलाइटच असते. ओएलईडी तेवढा वेगळा, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. म्हणजे पुढचं सगळं ओएलईडीला लागू नाही.

आता पहिली तपासणी. हिला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. रात्री हॉलमधले दिवे बंद करा, टीव्ही चालू करा आणि पडदा काळा झाला की मोबाइलचा टॉर्च काचेच्या अगदी जवळ, तिरका धरा. समोरून सरळ मारला तर नुसती चमक डोळ्यात येईल. टॉर्च हळूहळू फिरवत रिमोटवर मेनूचं बटण दाबा. मेनू अशासाठी की त्याची अक्षरं मोठी आणि पांढरी असतात. अंधारात भुतासारखी का होईना, मेनूची चौकट किंवा बातम्यांच्या पट्टीची हालचाल दिसली, तर पॅनेल जिवंत आहे. तुमच्या टॉर्चचा उजेड काचेतून आत जाऊन मागच्या पांढऱ्या कागदावरून परत येतोय आणि चित्र दाखवतोय. मेकॅनिकला तिथंच बोलावून दाखवा.

काहीच दिसलं नाही तर लगेच खचून जाऊ नका. काही काचांवर ही परीक्षा नीट होत नाही. पण दिसलं, तर मग शंका राहत नाही.

पडद्याकडे नुसतं बघूनही बरंच कळतं. उभ्या रेषा, अर्धा पडदा गेलेला, एका कडेला रंग फिस्कटलेले, ही दुखणी काचेची नाहीतर तिच्या कडेच्या रिबनची असतात. बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्या बदलून तिथं काही होत नाही. पडदा उजळतो पण नुसता पांढरा किंवा राखाडी, चित्रच नाही, तर टीकॉन (काचेला चित्राचे सिग्नल देणारा छोटा बोर्ड) किंवा पॅनेलकडे बघायचं. आवाजही नाही, चित्रही नाही, मग सप्लाय (वीज पुरवणारा बोर्ड) किंवा मेन बोर्ड (चित्र-आवाजाचा कारभार बघणारा). चित्र येतंय पण मध्येच रुपयाएवढे पांढरे गोल ठिपके दिसतात, तर एलईडीवरची भिंगाची टोपी सुटून खाली पडलीय, बाकी सगळं ठीक आहे. चित्रावर निळी-जांभळी झाक येऊ लागली की समजायचं, एलईडीवरचा पिवळा थर भाजला. पांढरी एलईडी मुळात निळीच असते, तिच्यावरच्या पिवळ्या थरामुळे ती पांढरी दिसते. ती निळी एलईडी बनवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या धंद्यातली निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्यामुळंच, असं मी गमतीनं म्हणतो.

आता तुमचे ते दोन सेकंद. सगळी गोष्ट तिथंच आहे.

पडद्यामागे पत्र्यावर आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, प्रत्येक पट्टीवर सात-आठ किंवा जास्त एलईडी. गणपतीत लावतो त्या दिव्यांच्या माळेसारख्या या एकामागे एक जोडलेल्या असतात. समजा तीन पट्ट्या, प्रत्येकीवर आठ एलईडी, आणि एक एलईडी तीन व्होल्टची. चोवीस त्रिक बहात्तर, म्हणजे सत्तर-बहात्तर व्होल्टला ही माळ पेटते. माळेतला एक दिवा तुटला की सगळी माळ विझते, हे घरातल्या पोरालाही माहीत असतं.

पण मग दोन सेकंद उजेड का पडतो? याची साधारण दोन कारणं असतात. एक म्हणजे, एलईडी एकदम मरत नाही. आतली केसासारखी तार सुटायला आलेली असते. थंड असताना ती टेकलेली राहते, करंट वाहतो, दिवा लागतो. गरम होताच ती उचलली जाते आणि माळ तुटते. दुसरं कारण, काही सेटला दोन किंवा जास्त माळा असतात. एक मेली तरी बाकीच्या पेटतात, पण बॅकलाइट चालवणारी आयसी हिशेब बघते, एका माळेत करंट नाही म्हटल्यावर सुरक्षेसाठी सगळंच बंद करते. मेन बोर्डाला यातलं काही माहीत नसतं, म्हणून आवाज चालू, चॅनेल चालू. काही कंपन्यांचे सेट अशा वेळी पुढचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकवतात, तेवढीही खूण पुरते.

अजून एक करून बघा. ते दोन सेकंद वाढवता येतात का? सेटिंगमध्ये 'बॅकलाइट' किंवा 'एनर्जी सेव्हिंग' असतं. टॉर्चच्या उजेडात मेनू दिसत असेल तर बॅकलाइट दहा-पंधरावर आणा आणि सेट बंद करून पुन्हा चालू करा. आता पडदा अर्धा मिनिट किंवा पाच मिनिटं टिकला, तर सुटत आलेल्या एलईडीचाच संशय बळावतो. करंट कमी, उष्णता कमी, म्हणून ती थोडी जास्त तग धरते. हा इलाज नव्हे, याला नुसतं निदान समजा.

याच्या पुढचं काम मागचं झाकण उघडून मीटर लावायचं आहे, आणि इथं मी तुम्हाला थांबवतो. आपल्या घरातल्या २३० व्होल्टचे सप्लाय बोर्डाच्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी होतात. प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथं बसून असतात. माझ्याकडे होल्डरला दोन तारा जोडलेला साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब आहे, तो कपॅसिटरच्या दोन पायांना लावून मी आधी ती वीज खाली करतो. बल्ब क्षणभर लुकलुकतो आणि मरतो, मगच बोर्डाला हात. काही जण स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडतात. त्यांच्यातल्या एकाचा स्क्रू ड्रायव्हर टोकाला वितळलेला मी पाहिलाय.

मेकॅनिक काय मोजतो ते तुम्हाला माहीत असावं, म्हणजे त्याच्याशी नीट बोलता येईल. बॅकलाइटच्या कनेक्टरवर मीटर लावून सेट चालू करायचा. व्होल्टेज माळेच्या गरजेपेक्षा बरंच वर उसळलं आणि धपकन खाली आलं, तर ड्रायव्हर, म्हणजे बोर्डावरचा बॅकलाइटला वीज देणारा भाग, चांगला आहे. तो जोर लावतोय, पण पुढे रस्ता तुटलाय. म्हणजे पट्ट्याच. व्होल्टेज वर चढलंच नाही, सप्लायचे जेवढे होते तेवढेच राहिले, तर मेन बोर्डाकडून 'बॅकलाइट चालू कर' हा इशारा येतोय का ते बघायचं. इशारा येतोय आणि तरी ड्रायव्हर हलत नाही, मग दोष बोर्डात. यावर दुसरा पुरावा म्हणजे एलईडी टेस्टर. कनेक्टर काढायचा आणि टेस्टरनं माळेला थेट वीज द्यायची. माळ पेटली आणि पेटलेलीच राहिली तर पट्ट्या निर्दोष. मीटरच्या डायोडवर ठेवून या माळा तपासता येत नाहीत. ते सुट्या तीन व्होल्टच्या एलईडीला जेमतेम चालतं, सहा व्होल्टवालीला तेही नाही.

घरी येऊन पाच मिनिटांत यातलं काही न करता "पॅनेल गेलं" म्हणणाऱ्यावर माझा राग नाही. पॅनेल उघडायची त्याची तयारी नसेल, एवढंच. ते का, ते सांगतो.

पट्ट्या काचेच्या मागे असतात, म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचायला काच बाहेर काढावी लागते. ४३ इंची काच हातात घेतली की कळतं, ती पापडासारखी वागते. मधून उचलली तर लवते, लवली की मोडते. तिच्या एका कडेला पातळ तपकिरी रिबनी चिकटवलेल्या असतात, त्यांवर बारीक चिप. त्यातली एक जरी दुमडली किंवा ओढली गेली तरी पडद्यावर कायमची उभी रेघ. ती सोल्डरनं जोडता येत नाही.

सुरुवातीच्या काळात मी एक चाळीस इंची सेट एकट्यानं उघडला. दुपारची वेळ, पोरगा जेवायला गेलेला, गिऱ्हाईक समोर बसलेलं. म्हटलं, काय त्यात. सक्शन कप लावले, काच उचलली, डावा हात उजव्यापेक्षा बोटभर वर गेला. आवाज अगदी बारीक झाला, खडू मोडल्यासारखा. काच वरून धड दिसत होती. सेट लावून चालू केला तर कोपऱ्यातून काळी शाई सांडल्यासारखं झालं. गिऱ्हाइकाला मी दुसरा सेट पदरचे पैसे घालून दिला, आणि तेव्हापासून ३२ इंचाच्या वरची काच दोघांशिवाय उचलत नाही. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: टॉर्चची परीक्षा घरी करा, सेटिंग कमी करून बघा, पण काच काढू नका. पन्नास सेट उघडलेल्या माणसाचीही छाती त्या क्षणी धडधडते.

आता समजा पट्ट्याच गेल्यात हे ठरलं. यापुढे मेकॅनिक तुम्हाला दोन पर्याय देईल: मेलेली एक एलईडी बदलायची, की सगळ्या पट्ट्या? एक बदलणं स्वस्त वाटतं, तेही मी करून चुकलोय. गंगावेशीतल्या एका मावशींचा सेट होता. एक एलईडी खराब निघाली, तेवढीच बदलली, कमी पैसे घेतले, मावशी खूश. दोन महिन्यांनी सेट परत, शेजारची एलईडी गेलेली. ती बदलली. पुढच्या वेळी त्या म्हणाल्या, "बाळा, आता टीव्हीसाठी इथंच खोली बघते." सगळ्या एलईडी एकाच दिवशी जन्मलेल्या, तितकेच तास जळलेल्या, तितक्याच भाजलेल्या असतात. पहिली गेली म्हणजे बाकीच्या रांगेत उभ्या आहेत. आणि दर वेळी काच उघडायची जोखीम आहेच. म्हणून पूर्ण संच बदलायचा, नव्या-जुन्या पट्ट्यांची भेळ करायची नाही.

पट्टी घेताना नुसता टीव्हीचा मॉडेल नंबर पुरत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनेलं आलेली असतात. सेट उघडल्यावर जुन्या पट्टीवर छापलेला नंबर बघायचा, एलईडी मोजायच्या, दोन एलईडींमधलं अंतर जुळवायचं आणि एलईडी तीन व्होल्टची की सहाची ते ठरवायचं. तीनच्या जागी सहाची लावली तर माळेला दुप्पट व्होल्टेज लागतं, ड्रायव्हर तेवढं देऊ शकत नाही, आणि मग नव्या पट्ट्या खराब निघाल्या म्हणून स्पेअरवाल्याशी भांडण. मी त्यासाठी सेट आधी उघडतो, पट्टी पिशवीत घालून स्पेअरच्या दुकानात जातो आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून जुळवतो.

आणि आता ती गोष्ट, जी बरेच जण करत नाहीत. पट्ट्या मेल्या कशानं?

आपल्याकडे सगळा दोष व्होल्टेजला द्यायची सवय आहे. लाइट कमी-जास्त झाली, वळवात वीज कडाडली, म्हणून पट्टी गेली. विजेनं टीव्ही जातात, हे खरं. केबलच्या वाटेनं, एचडीएमआयच्या वाटेनं ती आत येते आणि मेन बोर्ड घेऊन जाते. कमी-जास्त व्होल्टेजनं सप्लायही जातो. पण बॅकलाइटचा ड्रायव्हर ठरलेला करंट देत राहतो, बाहेर दोनशे व्होल्ट असोत की अडीचशे. त्यामुळे स्टॅबिलायझर लावून पट्ट्यांचं आयुष्य वाढेल या आशेवर राहू नका. पट्ट्या मरतात उष्णतेनं, आणि उष्णता येते जास्त करंटनं. दुकानातल्या लखलखाटात चित्र उठून दिसावं म्हणून सेट 'व्हिव्हिड' मोडवर, बॅकलाइट शंभरवर लावलेला असतो. तो घरी तसाच येतो आणि पाच वर्षं कुणी सेटिंगला हात लावत नाही. वर फर्निचरवाल्यानं तो लाकडी चौकटीत असा बसवलेला असतो की मागे हवेला जागाच नाही. पट्टीच्या मागची चिकटपट्टी एका टोकाला सुटली तर तिथली उष्णता पत्र्यात उतरत नाही. मेलेली एलईडी बहुतेक वेळा त्याच टोकाला सापडते.

म्हणून नव्या पट्ट्या घातल्यावर मी ड्रायव्हरचा करंट कमी करतो. बऱ्याच बोर्डांवर करंट मोजणारे दोन-तीन छोटे रेझिस्टर शेजारी शेजारी, समांतर जोडलेले असतात. तिन्ही सारख्या किमतीचे असतील आणि एक काढला तर करंट दोन-तृतीयांशावर येतो. उजेड कमी होतो, पण डोळ्याला तो तितका कमी जाणवत नाही. सात-आठ दिवसांनी गिऱ्हाईक विसरूनही जातं. सगळ्या बोर्डांवर हे इतकं सरळ नसतं. कुठं एकच रेझिस्टर बदलावा लागतो, कुठं कारभार सॉफ्टवेअरच्या हातात असतो. ज्याला बोर्ड वाचता येत नाही त्यानं हे करू नये. त्यानं सेटिंगमध्ये बॅकलाइट पन्नास-साठवर आणून ठेवली तरी पुष्कळ झालं.

काच बसवण्याआधी नव्या पट्ट्या किमान अर्धा तास पेटत्या ठेवायच्या. आतले पांढरे कागद कोणत्या क्रमानं आणि कोणत्या बाजूनं निघाले त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, आणि पंखा बंद ठेवायचा. धुळीचा एक कण आत राहिला तर क्रिकेटच्या मॅचमध्ये हिरव्या मैदानावर तो रोज दिसतो.

खर्चाचं म्हणाल तर माझ्याकडे ४३ इंची सेटच्या पट्ट्या आणि मजुरी मिळून अडीच-तीन हजारांच्या आसपास होतात. पट्ट्या सहज मिळणाऱ्या नसतील तर जास्त. तुमचा सेट साडेचार वर्षांचा, काच चांगली, मग एवढा खर्च करण्यासारखा आहे. काचेवर आधीच रेषा असतील किंवा पट्ट्यांचा नंबरच बाजारात मिळत नसेल, तर मीही नको म्हणेन. वॉरंटी वाढवून घेतली असेल तर आधी ते कागद शोधा, बाहेरच्या माणसाला स्क्रू उघडू देऊ नका. आणि कधी पुरात सेट भिजला असेल, तर तेही मेकॅनिकला आधी सांगा. पुराच्या पाण्याची गोष्ट वेगळी असते. कनेक्टर हिरवे पडतात, मागच्या पांढऱ्या कागदावर डाग राहतात आणि नव्या पट्ट्या घालूनही चित्रात ढग दिसतात.

ज्याच्याकडे द्याल त्याला तीन गोष्टी विचारा: काच कितीजण मिळून उचलता, संच पूर्ण बदलणार का, आणि करंट कमी करणार का. जुन्या पट्ट्या परत मागा. त्यात काळवंडलेली एलईडी दिसायला हवी, बऱ्याचदा मधोमध सुईच्या टोकाएवढा काळा डाग असतो.

आज रात्री टॉर्च लावून बघा आणि मेनू दिसला की नाही ते कळवा. सोबत सेटच्या मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा, पट्ट्या सहज मिळणाऱ्यातल्या आहेत का याचा त्यावरून अंदाज येईल.